कढी फुटू नये म्हणून

अर्धा लिटर आंबटसर ताकाला दीड टेबलस्पून बेसन पुरतं. बेसन आधी थोड्या ताकात गुठळ्या मोडून कालवायचं, मग उरलेलं ताक घालायचं. ताक तापलं की त्यातली प्रथिनं आकसतात, पाणी सोडतात आणि कढी फुटते; बेसनातला स्टार्च ते थोपवतो. म्हणून आच मंद ठेवा आणि पहिल्या उकळीपर्यंत ढवळणं थांबवू नका. मीठ शेवटी.

फोडणी तुपाचीच हवी: जिरं, मेथीचे चार दाणे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेलं आलं-मिरची. आपली कढी एका उकळीत उतरते. पंजाबी कढीत बेसन बरंच जास्त, त्यामुळे ती मंद आचेवर अर्धा तास तरी उकळावी लागते, नाहीतर कच्चट लागते. ताक गोडसर असेल तर आदल्या रात्रीच फ्रिजबाहेर ठेवा.