खबऱ्याने ऐकलेली पदं

आज दिवसभर काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात होते. ब्रिटिशांच्या काळातले गुप्त पोलीस अहवाल. लाल फीत सोडली की आधी बोटांना धूळ लागते, मग कागदाच्या कडेचा कपटा गळून पडतो. फार जपून पान उलटावं लागतं.

गणेशोत्सवात पदं गाणाऱ्या पोरांचा गट म्हणजे मेळा. अशा मेळ्याची पदं कुणा खबऱ्याने गर्दीत उभं राहून ऐकली, वर कळवली, कारकुनाने त्यांचं इंग्रजी केलं. गाणाऱ्या पोरांची नावं आहेत, खबऱ्याचं नाही. ज्याने चुगली केली त्याच्यामुळेच ती पदं आज माझ्यापर्यंत पोहोचली. वीस वर्षं हे काम करतेय, तरी हे अजून पोटात कालवतं.

आणि स्वातंत्र्यानंतरचं कोण वाचणार? 1923 चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे. 1993 च्या केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार गोपनीय शिक्क्याची फाइल राष्ट्रीय अभिलेखागारात जातच नाही. आधी शिक्का उतरावा लागतो. तो उतरवणार ज्याने मारला तेच खातं. ब्रिटिशांचं वाचता येतं, आपल्याच सरकारचं नाही, याचा मला मनापासून राग येतो.

साडेपाचला फीत पुन्हा बांधली. एक पद उतरवून आणलंय, त्याचं मूळ मराठी शोधायचंय. कुणाच्या आजोबांच्या वहीत मेळ्याची पदं असतील तर जरूर कळवा.