गॅस डिटेक्टर, क्लेम 7 आणि आमचं अपील

अमेरिकेतल्या आमच्या पेटंट अर्जाला दुसऱ्यांदा रिजेक्शन आलं, कारण तेच, कलम 103, म्हणजे ऑब्व्हियस, जाणकाराला सहज सुचेल असं. पहिल्या वेळी मी नुसता चिडलो होतो. या वेळी वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या दोनदा नाकारलंय ना, मग आता अपील करता येतं.

आधी डिव्हाइस सांगतो. मिथेनसाठी पेलिस्टर वापरतात, म्हणजे तापवलेला बारीक मणी, गॅस त्याच्यावर जळला की मणी अजून तापतो, रेझिस्टन्स वाढतो आणि ते ब्रिज सर्किटमध्ये दिसतं. गोची अशी की सिलिकोनची वाफ लागली की मण्याला विष चढतं, आणि मेलेला मणी दाखवतो शून्य, म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं सगळं ठीक! इन्फ्रारेड सेन्सरला हे विष बाधत नाही पण त्याला हायड्रोजन दिसत नाही. म्हणून आम्ही दोन्ही एकत्र बसवले.

एक्झामिनरने, म्हणजे पेटंट ऑफिसात अर्ज तपासणाऱ्याने, एका जुन्या पेटंटातला मणी घेतला, दुसऱ्यातला इन्फ्रारेड, आणि म्हणाला या क्षेत्रातला साधारण जाणकार हे जोडेलच. मी म्हटलं मग आधी कुणी का नाही जोडलं? तेवढ्याने भागत नाही म्हणे. 2007 च्या केएसआर निकालापासून (गाडीच्या पेडलला सेन्सर लावायची केस होती ती) जुन्या कागदात 'हे जोडा' असं लिहिलेलंच हवं असं नाही, जोडायला पटण्यासारखं कारण दाखवलं की झालं.

मग अपिलाची नोटीस, 2 महिन्यांत ब्रीफ (म्हणजे आमचा लेखी युक्तिवाद), एक्झामिनरचं उत्तर, त्याला आमचं उत्तर, आणि मग नुसती वाट बघणं. माझ्याकडे मण्याला विष चढतानाचे ग्राफ होते, छान होते, म्हटलं हे ब्रीफला जोडू, तर कळलं अपिलाची नोटीस दिल्यावर नवा पुरावा सहसा घेतच नाहीत. ते शपथपत्रासोबत पहिल्या रिजेक्शनलाच द्यायचे असतात, आणि तेव्हा मी काय करत होतो ते वर लिहिलंच आहे.

वाचवलं ते क्लेम 7 ने. (क्लेम म्हणजे अर्जातला एकेक मुद्दा ज्यावर हक्क मागतो; क्लेम 1 दोन्ही सेन्सर एकत्र बसवण्याचा, आणि 7 त्याच्यावरच टेकलेला.) विष चढताना मण्याची मिथेनची नजर आधी जाते, हायड्रोजन त्याला त्यानंतरही दिसत राहतो, म्हणून मिथेनचं रीडिंग इन्फ्रारेडशी ताडून बघितलं की मणी आजारी आहे हे वेळेत कळतं. मला हे इतकं साधं वाटायचं की शेवटी असू दे म्हणून टाकलं होतं. वकीलबाईंनी मात्र ब्रीफमध्ये त्याला वेगळा मथळा देऊन वेगळं भांडण मांडलं, कारण तसं नाही केलं तर क्लेम 1 बुडाला की त्याच्याबरोबर हाही बुडतो.

पेटंट ऑफिसच्या तीन जजांच्या अपील बोर्डाने क्लेम 1 वर एक्झामिनरचंच बरोबर धरलं, आणि खरं सांगायचं तर निकाल वाचल्यावर मलाही ते पटलं. क्लेम 7 वर मात्र रिजेक्शन उलटवलं, दोन्ही जुन्या कागदांत ही तुलना नाही आणि ती कुणी का करेल याचं कारणही एक्झामिनरने दिलेलं नाही म्हणून. आता क्लेम 1 मधलं सगळं क्लेम 7 च्या पोटात घालून तो स्वतंत्र लिहायचाय. नोटबुकातल्या ग्राफची स्कॅन कॉपी या वेळी आधीच पाठवून ठेवलीये.