आबांची तीनशे पंधरा

निवडणूक झाली की आमच्या घरी दोन गोष्टींची वाट बघतात, निकालाची आणि रायफलीची. निकाल एका दिवसात लागतो, रायफलीला वेळ लागतो. आचारसंहिता आली की परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा करायचं आणि सगळं निवळलं की परत आणायचं. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असं करत करत तिचा निम्मा जन्म ठाण्यात गेला असेल. माय म्हणते, "तिचं सासर तिकडंच हाय. हितं आपली पंचमीला आल्यावानी येती."

यंदा आणायला मीही आबांसोबत गेलो, कारण जमा केल्याची पावती त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली होती आणि मायनं सदरा धुतला होता.

जमादारांनी परवान्याचं बाड उलटंपालटं करून बघितलं, खोलीचं दार उघडलं आणि म्हणाले, "मामा, वळखा तुमची."

आत भिंतीला टेकवून चाळीसेक बंदुका उभ्या. गळ्यात सुतळीनं चिठ्ठ्या बांधलेल्या, पण निम्म्या चिठ्ठ्या गळून फरशीवर पडलेल्या. सगळ्या एका तोंडवळ्याच्या. लग्नाच्या मांडवाबाहेर आपली चप्पल शोधावी तशी आमची गत झाली. दोन-तीन बाराबोर दुनळ्या तेवढ्या वेगळ्या दिसत होत्या. बाकी ओळीनं सगळ्या तीनशे पंधरा.

आबा तिला रायफल म्हणत नाहीत, बंदूकही म्हणत नाहीत. 'तीनशे पंधरा' म्हणतात, एखाद्या भावकीतल्या माणसासारखं. हा आकडा नळीच्या मापाचा. ०.३१५ इंच, म्हणजे ८ मिलिमीटर. हे माप गावोगाव का, याची मला लहानपणापासून उत्सुकता होती, आणि उत्तर सापडलं तेव्हा जरा गंमतच वाटली.

इंग्रजांच्या सैन्याची गोळी होती थ्री नॉट थ्री, म्हणजे ०.३०३ इंचाची. लोकांच्या हातात तेच माप आलं, तर कोठारातून चोरलेली काडतुसं कुणाच्याही बंदुकीत बसणार. म्हणून लष्करी माप इथल्या माणसाला बंद. इंग्रज गेले, १९५९ चा शस्त्र कायदा आला, पण थ्री नॉट थ्री सामान्य माणसाला बंदच राहिली. मग रायफल करायची कोणत्या मापाची? तर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं मानलिखर नावाचं एक जुनं काडतूस होतं, १८८८ सालचं. थ्री नॉट थ्रीही त्याच साली आलेली. दोघांत आधी काळी दारू भरत, दोन-तीन वर्षांत दोघांत बिनधुराची आली. दोघांच्या बुडाला बाहेर आलेली कडा, आणि तीही जवळपास सारख्या रुंदीची. त्यामुळं थ्री नॉट थ्रीसाठी घडवलेल्या ली-एनफिल्ड या इंग्रजी लष्करी रायफलीच्या सांगाड्यात हे परकं काडतूस फारशी कुरकुर न करता बसलं. ज्या साम्राज्याच्या शिपायांसाठी ते केलं होतं, ते साम्राज्य १९१८ साली बुडालं. काडतूस मात्र अजून निघतं, आणि तेही आपल्या खडकीत.

म्हणजे हिचं अंग इंग्रजाचं, गळा ऑस्ट्रियाचा, जन्म बंगालात ईशापूरच्या कारखान्यातला, दाणापाणी पुण्याचं, आणि नांदायला आली जिंतूर तालुक्यात.

आमच्याकडं ती आली १९७८ साली. त्याआधी आज्याची एक ठासणीची बंदूक होती म्हणतात. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर आज्यानं ती जमा केली, ती केलीच. आबांना परवाना मिळाला तो पीक संरक्षणासाठी. आता मौज बघा. रायफल शिकारीची म्हणून घडवलेली, आणि वन्यजीवांचा कायदा आला १९७२ साली. आमच्याकडं बहात्तर म्हटलं की लोकांना दुष्काळच आठवतो, पण त्याच सालातल्या या कायद्यानं शिकारीलाही लगाम घातला. ही घरात आली तेव्हा तिच्या मूळ कामावर आधीच कायद्याची बंधनं आली होती. पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायला परवानगी मागता येते, नाही असं नाही. पण कागद हातात पडेस्तोवर हरभऱ्याचं भुसकट झालेलं असतं.

मग ती करते काय? खंडेनवमीला पाटावर बसते. माय विळे-कोयत्यांच्या रांगेत तिलाही हळदीकुंकू लावते, झेंडूचा हार घालते. बाकी वर्षभर कपाटात, गोधडीच्या कापडाच्या गवसणीत. आणि दर काही वर्षांनी परवान्याच्या नूतनीकरणाला आबांबरोबर तालुक्याला, जिल्ह्याला. पेन्शनर माणूस हयातीचा दाखला द्यायला जातो ना, तसं.

एकदा तेवढी तिची हाडं मोडली. मी चौथीत होतो. आबा राजदूतवर तिला आडवी बांधून येत होते, ओढ्यात गाडी घसरली आणि लाकडी दस्ता मनगटाजवळ, म्हणजे मूठ बसते त्या निमुळत्या जागी, उभा तडकला. आबांना लागलं होतं, पण ते आधी दस्ता चाचपत होते. दुकानातून नवा दस्ता आणायचा तर पैसे कुठले? गावातल्या लोहारानं काडतुसाची एक रिकामी पुंगळी मागून घेतली, चिरली, तापवून ठोकून तिची बोटभर रुंद पट्टी केली आणि चार बारीक स्क्रूंनी तडकेवर बसवली. पितळ आधी सोन्यासारखं चमकत होतं. पुढं दुकानदारानं नवीन काडतुसं देताना वापरलेल्या पुंगळ्या मोजून मागितल्या, तेव्हा एक कमी भरली. तिचा हिशेब देताना आबांना घाम फुटला होता.

तर त्या खोलीत जमादार बाडातला नंबर वाचत होते आणि मी वाकून एकेका रायफलीवरचे कोरीव आकडे बघत होतो. तेल आणि धूळ बसून आठचे तीन आणि तीनचे आठ झालेले. आबांनी चष्मासुद्धा लावला नाही. ते रांगेच्या या टोकाकडून निघाले आणि प्रत्येकीच्या मनगटावरून नुसता अंगठा फिरवत गेले, बैलबाजारात वशिंड चाचपावं तसा. अकराव्या की बाराव्या रायफलीपाशी थांबले.

"ही."

मी बघितलं. पट्टी आता काळपट पडली होती, पण अंगठा लागला तेवढ्या जागी पितळ दिसत होतं. एका स्क्रूच्या खाचेत हळद वाळून बसलेली. जमादारांनी नंबर ताडून बघितला, तोच निघाला. "मामा, पावतीची गरजच न्हाई तुम्हाला," म्हणाले, आणि तरी पावती हरवल्याचा अर्ज लिहून घेतला.

येताना जीपमध्ये आबांनी विषय काढला. परवानाधारक सत्तरीला टेकला किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ राहिलं, की वारसाच्या नावावर करायला अर्ज देता येतो. आबा दोन्हींत बसतात.

"तुझ्या नावावर करून टाकू आता."

"आबा, परभणीच्या फ्लॅटात दुसरं सिलिंडर ठेवायला जागा नाही. आणि मी मास्तर माणूस, मी काय करू तिचं?"

"म्या काय केलं?" आबा म्हणाले.

यावर मला काही बोलता आलं नाही. आबांनी सगळे मिळून किती बार काढले असतील, ते हाताच्या बोटांवर मोजता येतील.

मायनं दारातच गवसणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि रायफल कपाटात गेली. मध्यरात्री कुत्री उठली. ओढ्याच्या अंगानं डुकरांची हुंदडाहुंदड ऐकू येत होती. मी अंथरुणात उठून बसलो आणि मला उगीच वाटलं, आता कपाट उघडणार. आबांनी बॅटरी घेतली, चुलीमागचा तेलाचा पत्र्याचा डबा काखेत मारला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि निघून गेले.

जरा वेळानं हरभऱ्याच्या बांधावरून डबा वाजायला लागला.