फ्लोर बेड घ्यायचाय? आधी खोली बघा

फ्लोर बेड, म्हणजे मुलासाठी जमिनीवरच टाकलेली गादी, घेऊ का असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, खोली कशी आहे? गादी जमिनीवर टाकायला दोन मिनिटं पुरतात हो, सगळी मेहनत खोलीची असते आणि ती त्या गोंडस फोटोंमध्ये कुठेच दिसत नाही.

क्रिबमध्ये, म्हणजे बाळाच्या कठड्याच्या पलंगात, बाळाला अडवायचं काम कठडे करतात. कठडे गेले की ते काम भिंतींवर आणि दारावर येतं, म्हणजे अख्खी खोलीच क्रिब झाली, आणि त्या खोलीत जे काही आहे ते रात्री दोन वाजता, तुम्ही गाढ झोपलेले असताना, पोराच्या हाताला लागणार असं धरूनच चालायचं. मी जमिनीवर पालथी पडून, रांगत रांगत खोली बघितली होती, नवरा हसला, पण टेबलाच्या मागे लोंबणारी चार्जरची वायर उभ्याने कधीच दिसली नसती. सगळ्यात आधी कपाटं आणि ड्रॉवरचं युनिट भिंतीला ब्रॅकेटने स्क्रू करून पक्कं करा. मुलं ड्रॉवर ओढतात आणि पायरीसारखे वापरून वर चढतात, मग अख्खं युनिट अंगावर येतं, जड असेल तर हलणार नाही हा नुसता भ्रम आहे. खिडकीच्या ब्लाइंड्सच्या लोंबत्या दोऱ्या काढूनच टाका, गळ्याला फास बसू शकतो, बेबी मॉनिटरची वायरही बाळाच्या जागेपासून निदान तीन फूट लांब हवी. प्लग पॉइंटना झाकणं. रिमोट किंवा आवाज करणारी खेळणी, ज्यात बटण सेल (बटणासारखे चपटे, गोल सेल) असतात, ती तर खोलीत नकोतच, कारण तो सेल गिळला तर दोन तासांतच अन्ननलिकेला आतून गंभीर इजा व्हायला लागते. बाकी बारीक वस्तूंसाठी टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या, जे तिच्यातून आरपार जातं ते लहान बाळाच्या घशात अडकू शकतं.

आणि दार! बाहेरून कडी लावू नका, आग वगैरे लागली तर काय. दारात बेबी गेट लावा, ते नीट बसवलेलं असलं की बास.

आता वयाचं, इथे माझं मत जरा कडक आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी मी फ्लोर बेडच्या बाजूने नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या सूचना सरळ आहेत, बाळ पाठीवर झोपवा, गादी कडक आणि सपाट, वर उशी, पांघरूण, मऊ खेळणी, बंपर (कठड्यांना आतून लावायची मऊ पट्टी) काहीही नको, आणि किमान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर. मोठ्या माणसांची गादी बाळासाठी फार मऊ असते, बाळ पालथं पडलं की तोंड आत रुततं. शिवाय गादी आणि भिंत यांच्यात फट राहिली तर बाळ त्यात अडकू शकतं, आणि गादी हळूहळू सरकतेच, सकाळी लावलेली संध्याकाळी तिथे नसते. जमिनीवर आहे म्हणजे सेफ आहे हे लोक पटकन धरून चालतात, पडण्यापुरतं ते खरं आहे, श्वासाचा प्रश्न वेगळा आहे. शेजारी आडवं होऊन पाजता पाजता आपल्यालाच झोप लागते हेही आलंच, तेव्हा ती जागा फक्त बाळाची राहत नाही.

चालायला लागलेल्या पोराचं मात्र गणित एकदम वेगळं. क्रिबच्या कठड्यावर पाय टाकून चढायला लागलं, किंवा उंची 35 इंच म्हणजे साधारण 89 सेंटीमीटर झाली, की क्रिब सोडायची वेळ आली. त्या उंचीवरून डोक्यावर पडण्यापेक्षा चार-सहा इंचांवरून घरंगळलेलं केव्हाही बरं, आमची लेक तर घरंगळून तशीच झोपायची, उठायचीही नाही.

फ्लोर बेडची ही कल्पना इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींची म्हणून सांगतात. 1907 मध्ये रोममध्ये लहान मुलांची पहिली शाळा, ‘कासा देई बांबिनी’, सुरू करणाऱ्या त्याच. झोप आली की मुलाने स्वतः जाऊन झोपावं आणि जाग आली की स्वतः उठावं, त्यासाठी बिछाना ठेंगणा हवा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण त्यात गादीभोवतीची ती घराच्या आकाराची लाकडी फ्रेम कुठेच नाही, ती नंतरची फॅशन, आणि मुलं तिच्यावर लोंबकळतात ते वेगळंच.

आता खरं सांगू का, झोप लगेच सुधारत नाही. सुरुवातीला आमची उठून पुस्तकं खाली काढायची, गेटपाशी येऊन हाका मारायची, आणि कधी कधी दाराला टेकूनच झोपून जायची, म्हणजे सकाळी दार किती हळू ढकलायचं याची आम्हाला प्रॅक्टिस झाली. उपाय एकच, न बोलता, लाइट न लावता उचलून परत गादीवर, हसायचं नाही, गप्पा नाहीत, परत आली की परत तेच. खेळणी खोलीतून जवळजवळ सगळी बाहेर काढली तेव्हा फरक पडला, मोकळं फिरायला मिळतंय पण करण्यासारखं काही नाही, मग झोपच उरते ना. आणि आमचा फायदा म्हणाल तर कंबर, कठड्यावरून वाकून झोपलेलं पोर खाली ठेवायची ती कसरत संपली, शेजारी पडायचं आणि हळूच सटकायचं.

गादी थेट फरशीवर असेल तर खालून घामाचा ओलावा धरतो आणि बुरशी येते, त्यामुळे रोज सकाळी भिंतीला उभी करा, किंवा खाली हवा खेळेल अशा लाकडी पट्ट्या ठेवा. मागची बाजू अधूनमधून बघत जा, वास यायची वाट बघू नका.

विकत काही घ्यायच्या आधी क्रिबचीच गादी जमिनीवर टाकून दुपारच्या झोपेला बघा, तुम्ही जागे असता आणि पोर काय काय उद्योग करतं ते कळतं. तिथे जे सापडेल ते आधी हलवा, मग रात्रीचं बघू. फ्रेम आम्ही अजून घेतलेली नाही, आणि घेऊ असं वाटतही नाही.