आत ठेवलेली विमानं गेली कुठं?

जुन्या हलक्या विमानांचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. लढाऊ विमानं दुसऱ्या महायुद्धात पडली हे समजतं, पण हौशी लोकांची ती छोटी विमानं तर लढायला गेलीच नव्हती. पंख मिटून, झाकून आत ठेवली होती. मग ती गेली कुठं?

तुम्ही विचारलंत म्हणून हूटन पार्कबद्दल सांगतो.

इंग्लंडच्या वायव्येला, मर्सी नदीच्या काठी हा विमानतळ होता. आधी तिथं घोड्यांच्या शर्यती व्हायच्या, पहिल्या महायुद्धात सैन्याने वैमानिक शिकवायला जागा घेतली. 1930 मध्ये निकोलस कॉम्पर याने इथंच ‘स्विफ्ट’ हे विमान तयार केलं. एकाच माणसाला बसता येईल असं. सांगाडा लाकडी, वर कापड, पंख मागे दुमडता येणारे. पुढे त्याला पॉबजॉयचं सात सिलिंडरचं इंजिन बसलं, 75 अश्वशक्तीचं, म्हणजे आजच्या साध्या मोटारीइतकं. 1931 मध्ये आर्थर बटलर एवढ्याशा विमानातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला 9 दिवस आणि काही तासांत पोचला. मला हे आजही थक्क करतं.

सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि खाजगी उड्डाणं बंद झाली; ती पुन्हा सुरू व्हायला 1946 उजाडलं. कामाची विमानं हवाईदलाने ताब्यात घेतली. त्यांतली बरीचशी पुढे मुलांना शिकवण्यासाठी सांगाडे म्हणून वापरली आणि संपली. उरलेली जिथं जागा मिळेल तिथं ठेवून दिली. हूटनला जागा होती ती शर्यतीच्या मैदानातल्या जुन्या प्रेक्षागृहाची. पंख दुमडले की विमान फार जागा घेत नाही, त्यामुळे एका छपराखाली बरीच मावतात.

8 जुलै 1940 ला त्या प्रेक्षागृहाला आग लागली. जर्मन हवाईदलाविरुद्धची ‘ब्रिटनची लढाई’ जिथपासून मोजतात, ती तारीख 10 जुलै. म्हणजे दोन दिवस आधीच तिथली विमानं राख झाली होती.

ती वाचणं शक्यच नव्हतं, कारण ती बनली होतीच तशी. स्प्रूसचं वाळलेलं लाकूड, त्यावर ताणलेलं लिनन, आणि कापड घट्ट बसावं म्हणून त्यावर द्यायचं डोप, म्हणजे रोगणासारखा लेप. त्या काळात नायट्रोसेल्युलोजचं डोप सर्रास वापरात होतं आणि ते भडाभडा पेटतं. जिथं आग लागली नाही तिथं ओल लागली. लाकूड जोडायला दुधातल्या केसीनचा सरस असायचा. ओल मुरली की त्याला बुरशी धरते, सांधे सुटतात. बाहेरून विमान धड दिसतं, पण उडवण्याच्या लायकीचं राहत नाही. माझ्या मते अशा विमानाला खरा धोका उडण्यापेक्षा पडून राहण्याचा असतो. रोजची देखभाल असलेलं लाकडी विमान पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

ब्रिटनच्या नागरी विमानांची नोंदपत्रकं आजही पाहता येतात. प्रत्येक विमानाला एक पान. विमानाच्या नोंदणीची अक्षरं, बनवणाऱ्याचं नाव, मालक, मालक बदलल्याच्या तारखा, आणि शेवटी नोंद का रद्द झाली त्याचं कारण. हूटनच्या विमानांच्या नोंदींत तेच स्थळ आणि तीच तारीख पुन्हा पुन्हा येते. कुणी त्यातून शर्यती जिंकल्या असतील, कुणी पहिल्यांदा एकट्याने उडालं असेल. पानावर त्यातलं काही नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

आता एक वाचलेलं विमान. जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला ज्या ‘पस मॉथ’ या छोट्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून जुहूला उतरले, त्याची अक्षरं VT-ADN अशी लिहितात, देवनागरीत व्हीटी-एडीएन. त्यापुढचीच नोंद, व्हीटी-एडीओ, एका कॉम्पर स्विफ्टची. सिल्चरचे चहामळेवाले अल्बन अली यांनी ते घेतलं आणि नाव ठेवलं ‘स्कार्लेट एंजल’. 1933 मध्ये दिल्लीच्या व्हाइसरॉय चषकाच्या शर्यतीत ते उतरलं, मग इंग्लंडला गेलं, तिथं त्याला नवी अक्षरं मिळाली. युद्धातून ते वाचलं. आज ते बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनला, शटलवर्थ संग्रहात आहे.

आपल्याकडच्या विमानांचं काय, हे पुढचं विचारणं असतं. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 पासून जुहूला आहे. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांचा विमानाशेजारी उभा असलेला फोटो असेल, तर विमानाच्या अंगावरची व्हीटीने सुरू होणारी अक्षरं भिंगातून वाचून मागच्या बाजूला लिहून ठेवा. वर्ष आणि ठिकाणही. पाचही अक्षरं लागली, तर त्या विमानाचा माग काढता येतो.