खराट्याची काडी

आपल्या शाळेत सातवीत असताना विज्ञानाच्या सरांनी प्रत्येकाला खराट्याची एक काडी आणायला सांगितली होती. माती शाळेच्या विहिरीजवळची. हात बाकावर उताणा ठेवायचा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला सुपारीएवढा ओला गोळा चिकटवायचा, त्यात काडी उभी खोचायची आणि बघत राहायचं. माझी काडी हलेना. सरांनी गोळा नखभर सरकवला आणि काडीचं टोक थरथरायला लागलं. नाडीचे ठोके, मिनिटाला ८४. तो आकडा मी आजवर विसरलेले नाही.

पुढे नर्सिंग केलं आणि आयुष्यातली बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात गेली. मनगटाची नाडी कुणालाही सापडते हो, पायाची शोधावी लागते. पेशंटला पायाचा अंगठा वर उचलायला सांगितलं की पावलावर दोरीसारखी शीर ताठ होते, रक्ताची नव्हे, स्नायूची. तिच्या करंगळीकडच्या अंगाला एक जागा, ती डॉर्सालिस पेडिस. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे, जरा खाली, ती पोस्टिरिअर टिबियल. तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवायचं. जोर दिला तर रक्तवाहिनीच दबते, आणि अंगठ्याने पाहिलं तर आपलीच नाडी आपल्याला लागते. नाही सापडली तर बोटं नखभर सरकवायची. हे मला कॉलेजात शिकवावं लागलं नाही.

पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून चूक झाली. रात्रपाळी होती. एका आजोबांच्या डाव्या पायाची नाडी मला लागली नव्हती. आधीच्या पाळीच्या सिस्टरने लिहिलंय म्हणजे असेलच, असं धरून मीही केसपेपरवर ‘दोन्ही पायांची नाडी लागते’ असं लिहून टाकलं. पहाटे इन्चार्ज सिस्टरांनी चादर बाजूला केली, हाताच्या पाठीने दोन्ही पाय एकदमच चाचपले. डावा गुडघ्याखाली गार. अंगठ्याचं नख दाबून सोडलं. दोन सेकंदांत परतायला हवी ती लाली येईचना. आजोबा म्हणाले, “रात्रीपासून मुंग्या येतायत बाई, दुखतंय पण. म्हटलं तुमाला कशाला तरास द्या.”

रक्ताची गुठळी काढायला त्यांना लगेच थिएटरात नेलं. रक्तपुरवठा अचानक बंद पडलेल्या पायाच्या हातात साधारण सहाच तास असतात. पाय वाचला, दोन बोटं गेली. सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आधी सापडू दे पोरी, मग लिही. नाही सापडली तर तसंच लिही, आणि डॉक्टरांना उठव.” त्यानंतर नाडी जिथे लागेल तिथे मी पेनने फुली मारत आले, म्हणजे पुढच्या पाळीच्या मुलीला त्याच जागी बोट ठेवता येतं. न लागणाऱ्या पायावर डॉप्लर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, लावून बघते. काही धडधाकट माणसांतही डॉर्सालिस पेडिस लागत नाही, म्हणून दुसरी जागा आणि दुसरा पाय बघितल्याशिवाय काहीच ठरवायचं नाही.

आमच्या शाळेच्या बॅचमध्ये आता बऱ्याच जणांना साखर आहे, काहींची तंबाखू अजून सुटलेली नाही. चालताना पोटरी भरून येते, थांबलं की उतरते, ह्याला आपण वय म्हणून सोडून देतो. ते वय नसतं, पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर ते कळतं. साखर जुनी असेल तर धमन्या कडक होऊन हा आकडा फसवाही निघतो, म्हणून पाऊल डोळ्यांनी बघायचंच: रंग, केस झडलेली तुळतुळीत कातडी, न भरणारी जखम, बोटांच्या बेचक्यासुद्धा.

शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी जेवणं झाली की मी सातवीच्या वर्गात बसणार आहे. मोजे काढून या, लाजू नका. ज्याची नाडी लागणार नाही त्याला पुढे कुणाकडे जायचं ते सांगेन. खराट्याच्या काड्याही आणते आहे, आत्ताच्या सातवीच्या मुलांसाठी. माती विहिरीजवळचीच घेऊ.