फ्लड नको

आइस हॉकीच्या रिंकवर ‘फ्लड नको’ म्हणणारे लोक साधारण दोन प्रकारचे. एक म्हणजे रात्री साडेदहानंतर खेळायला येणारी मोठी माणसं. त्यांना दहा मिनिटं जास्त खेळायचं असतं, बर्फाचं काय व्हायचं ते होवो. दुसरे वाढदिवसाची पार्टी घेऊन आलेले, ज्यांना फ्लड म्हणजे काय हेच माहीत नसतं. निवड चाचणीच्या दिवशी, पोरांचे आईबाप काचेला नाक लावून बसलेले असताना, ‘फ्लड नको’ म्हणणारा कोच मात्र मी एकच पाहिला. त्यांची नोकरी गेली. त्यात माझ्या दोन ओळींचाही हात आहे, म्हणून हे लिहितोय.

मी ओंटॅरिओत, टोरांटोच्या पश्चिमेकडच्या एका गावात नगरपालिकेच्या अरीनात काम करतो. त्याआधी रत्नागिरीला मिरकरवाड्याजवळ बर्फाच्या कारखान्यात होतो. ट्रॉलरवाल्यांसाठी लाद्या काढायच्या, फोडायच्या, भरायच्या. तिथला बर्फ फोडण्यासाठी होता, इथला फुटू नये म्हणून पगार मिळतो. यंत्रणा मात्र तीच, अमोनियाची, आणि वासही तोच. फरक इतकाच की तिकडे गळती झाली की ओला टॉवेल तोंडाला बांधून आम्ही आत घुसायचो, आणि इकडे परवान्याशिवाय त्या खोलीचं दारसुद्धा उघडता येत नाही. 2017 मध्ये ब्रिटिश कोलंबियात फर्नी नावाच्या गावी अमोनिया गळून रिंकवर तीन माणसं मेली, तेव्हापासून तर नियम आणखी कडक झाले. मला त्याचं काही वाटत नाही. टॉवेल बांधून घुसलेला माणूस नियमांना नावं ठेवत नाही.

फ्लड म्हणजे मशीन फिरवून बर्फ नवा करणं. टीव्हीवर लोक बघतात आणि त्यांना वाटतं, एक माणूस निवांत बसून गोल गोल फिरतोय. रिंक दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद. त्यावर बर्फ फक्त सव्वा इंच. खाली काँक्रीट, आणि काँक्रीटमध्ये नळ्या, ज्यांतून उणे नऊ अंशाच्या आसपासचं खारं पाणी फिरत असतं. मशीनच्या पोटाखाली सत्त्याहत्तर इंचाचं पातं असतं. ते वरचा खरवडलेला थर केसाएवढा कापतं, कापलेला चुरा आतला स्क्रू उचलून टाकीत टाकतो, आणि मागे लोंबणाऱ्या फडक्यातून साठ अंशांचं गरम पाणी बर्फावर पसरत जातं, अंगण सारवावं तसं. गरम का? तर गार पाण्यात हवा जास्त असते, त्याचा बर्फ पांढरट आणि ठिसूळ होतो. गरम पाणी वरचा थर जरासा वितळवून त्याच्यात शिरतं आणि एकजीव होऊन गोठतं. पातं जास्त खाली गेलं तर खड्डा, वर राहिलं तर चुरा तसाच. पाणी जास्त सोडलं तर पुढची टोळी येईपर्यंत गोठत नाही, आणि मग पोरं दारावर स्टिक आपटत उभी राहतात. रिंकभोवतीच्या बोर्डाच्या कडेला बर्फ चढत जातो आणि गोलपुढे खचत जातो, म्हणून अधूनमधून ड्रिलने भोकं पाडून जाडी मोजावी लागते. आमचा एक सहकारी भोकं न पाडताच वहीत आकडे भरतो. सगळीकडे सव्वा इंच! त्याला बढती मिळाली.

आता कोच. नाव लिहीत नाही. वय सदुसष्टच्या आसपास, दोन्ही गुडघे गेलेले, पण स्केट चढवले की चालण्यातला लंगडेपणा गायब. मूळचे स्लोव्हाकियाचे, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाचे. 1982 मध्ये संघाबरोबर ऑस्ट्रियात सामना खेळायला आले आणि परतीच्या बसमध्ये चढलेच नाहीत. व्हिएन्नाजवळ ट्राइस्किर्शनला निर्वासितांची छावणी होती, तिथे काही महिने काढले आणि मग कॅनडा. दोन वर्षं आधी पीटर आणि आंतोन श्तास्नी हे हॉकीपटू भाऊ इन्सब्रुकहून असेच निसटून क्वेबेकला आले होते, आणि पीटरने पहिल्याच हंगामात शंभरावर गुण केले होते. “त्याच्यामुळे सगळ्यांना वाटलं, तिकडून पळून आलेला प्रत्येक जण श्तास्नी असतो,” कोच म्हणायचे. “मी नव्हतो.” अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हॉकी लीगमध्ये टोलेडो, फ्लिंट, कॅलामझू असल्या गावांतून बसने फिरत जेमतेम अडीच हंगाम खेळले. तिथे युरोपातल्या खेळाडूच्या अंगावर मुद्दाम जाणारे लोक पगारावर ठेवलेले असत. डावा गुडघा तिथेच गेला. मग गोदामात नोकरी आणि संध्याकाळी पोरांना शिकवणं. ते शिकवणं चाळीस वर्षं चाललंय.

ही सगळी माहिती मला सलग कधीच मिळाली नाही. मशीनच्या खोलीत मी चहा करायचो, ते सरावाआधी येऊन बसायचे आणि मध्येच एखादं वाक्य टाकायचे. 1950 मध्ये त्यांच्या देशाचा जगज्जेता संघच सरकारने पकडला होता, हे मला त्या खोलीत कळलं. खेळाडू परदेशात राहून जातील ही भीती. गोलकीपर बोहुमिल मोद्री यांना पंधरा वर्षांची सजा, गुस्ताव बुबनिक यांना चौदा. बुबनिक पाच वर्षांनी सुटले आणि पुढे फिनलंडचे कोच झाले, आणि 1967 मध्ये त्याच फिनलंडने चेकोस्लोव्हाकियाला हरवलं. हे सांगताना कोच दरवेळी मांडीवर थाप मारायचे. दुसरा आवडता विषय इव्हान ह्लिंका. 1998 मध्ये नागानोला चेक संघाला ऑलिंपिकचं सुवर्ण मिळवून देणारा माणूस 2000 मध्ये पिट्सबर्गच्या संघाचा मुख्य कोच झाला. युरोपात घडलेल्या कोचला एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, ती खुर्ची मिळायला 2000 साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी शिकागोने फिनलंडच्या आल्पो सुहोनेन यांना घेतलं. त्यांची खुर्ची एका हंगामात गेली. ह्लिंकांची दुसऱ्या हंगामाचे चार सामने झाल्यावर. “खेळाडू आमचे चालतात,” कोच म्हणायचे, “शिट्टी त्यांचीच हवी.” मला हे थोडं एकतर्फी वाटायचं, पण चहा माझा आणि विषय त्यांचा असा आमचा करार होता.

तर तो एप्रिलचा दिवस. इकडे पुढच्या हंगामाच्या निवडी वसंतातच होतात, आणि रिंकवाल्यासाठी तो सगळ्यात वाईट काळ. बाहेर पाऊस, हवा दमट, आतलं आर्द्रता खेचणारं यंत्र धापा टाकत होतं, आणि बर्फ वरून मऊ. तेरा वर्षांखालची पोरं, वीस खेळाडू आणि गोलकीपर वेगळे. दोन तासांचं बुकिंग. पहिल्या तासाआधी मी जीव ओतून फ्लड मारला. अशा हवेत पाणी कमी सोडायचं, दोन पट्टे एकमेकांवर नीट चढवायचे आणि कोपऱ्यात वेग कमी करायचा. बर्फ आरशासारखा नव्हता, पण त्या दिवशी त्याहून बरा कोणाला करता आला नसता.

पहिल्या तासात एक मुलगा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. हजारावर डॉलरचे स्केट, उन्हाळ्यात खासगी क्लास, वळण असं की बघत राहावं. बाप क्लबच्या समितीतल्या लोकांच्या शेजारी बसलेला. तास संपला, मी मशीन सुरू करून दार उघडायला आलो, तर कोच दारात.

“फ्लड नको. दुसरा तास याच बर्फावर.”

“या हवेत अर्ध्या तासात पक उड्या मारायला लागेल,” मी म्हटलं. पक म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती.

“मारू दे.”

मी वाद घातला. घालणारच, तो माझा बर्फ होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लहान मुलांच्या सामन्यांत प्रत्येक विश्रांतीला फ्लड मिळतच नाही. तिसरा, म्हणजे शेवटचा पिरियड खणलेल्या बर्फावरच खेळावा लागतो आणि सामने तिथेच हरले जातात. नव्या बर्फावर कोण चांगलं दिसतं हे त्यांनी पाहिलं होतं. बुकिंग ज्याच्या नावावर, त्याने फ्लड नाकारला तर मी जबरदस्ती करू शकत नाही. मी वहीत वेळ टाकून लिहिलं आणि मशीन बंद केलं.

वीस मिनिटांत पक उड्या मारायला लागला. तो देखणा मुलगा पक ओढत निघायचा आणि स्टिकच्या वरून पक पळून जायचा. एकदा, दोनदा, पुन्हा. तो खाली बर्फाकडे बघायचा, मग माझ्याकडे. एक दुसरा मुलगा होता, उंचीने सगळ्यात लहान. त्याचे आजोबा वरच्या बाकावर पगडी बांधून, हातात थर्मास घेऊन एकटेच बसलेले. हा पहिल्या तासात माझ्या लक्षातही आला नव्हता. याने काय केलं, तर पक ओढत नेणंच सोडून दिलं. स्टिकचं पातं पकवर झाकणासारखं तिरकं धरून, पक जवळ ठेवून, दोन पावलं टाकली की लगेच देऊन टाकायचा. चुरा साठलेला असेल तिथे सरकवण्याऐवजी मनगटाने किंचित उचलून टाकायचा. मधला भाग खणला गेलाय म्हटल्यावर बोर्डावर मारून पलीकडे स्वतःच गाठायचा. कोणी सांगितलं नव्हतं. कोच शिट्टी तोंडात धरून उभे होते आणि ती वाजवत नव्हते.

तोवर काचेमागे गडबड सुरू झाली. समितीतले एक गृहस्थ खाली आले. मशीन बंद पडलंय का? नाही. मग फिरवत का नाही? बुकिंगवाल्याने नको म्हटलंय. पैसे आम्ही भरतो! बरोबर आहे साहेब, पण कागद त्यांच्या नावावर आहे. मात्र एक गोष्ट माझ्या हातात असते. बर्फ धोक्याचा वाटला तर माझा शब्द शेवटचा, मग कोच असो की महापौर. म्हणून मी बादली घेऊन आत गेलो. एका गोलच्या खांबापाशी बोटाचं पेर बुडेल असा खड्डा होता. कोचनी न बोलता सगळी पोरं दुसऱ्या अर्ध्यात नेली. खड्ड्यातला सुटा चुरा नखाने काढायचा, बादलीतला भिजवलेला चुरा दाबून भरायचा, थोडा फुगीर ठेवायचा, वर ओंजळभर गार पाणी, आणि पकच्या सपाट बाजूने घोटायचा. घाई केली तर वरचा पापुद्रा गोठतो, आत पाणी राहतं आणि पहिल्या स्केटखाली सगळं फुटतं. मी गुडघ्यावर बसून थांबलो, अंगठ्याने दाबून पाहिलं, उठलो. बाकी बर्फ खराब होता, पण धोक्याचा नव्हता. तसं मी त्या गृहस्थांना सांगितलं.

देखण्या मुलाचा बाप तेव्हा जे बोलला ते मात्र मला अजून टोचतं. तो ओरडला नाही. म्हणाला, “वर्षाचा निकाल आज लागणार. मुलांना आधी सांगायला नको होतं का?”

मी हे कोचना नंतर विचारलं. म्हणाले, “सांगितलं असतं तर घरी जाऊन त्याचाही क्लास लावला असता.” मला हसू आलं, पण उत्तर पटलं नाही. बारा वर्षांची पोरं आहेत ती. दोन्ही तास सगळ्यांना सारखेच होते, हे खरं. पण एकाला कळलं की आता नियम बदललेत आणि दुसऱ्याला वाटलं की बर्फ बिघडलाय. ज्याला बर्फ बिघडलाय असं वाटलं त्याला आजवर कायम चांगलाच बर्फ मिळाला होता, तो त्याचा दोष म्हणायचा का? कोचच्या मते हो. त्यांना स्वतःला कधीच मिळाला नव्हता.

रात्री यादी लागली. लहानगा आत, देखणा बाहेर. मग तक्रार. माझ्या वरिष्ठांमार्फत क्लबचे दोन प्रश्न माझ्याकडे आले. बर्फ सुरक्षित होता का? मी लिहिलं, होता. खड्डा भरल्याची वेळही लिहिली. बर्फ चांगल्या दर्जाचा होता का? मी लिहिलं, नव्हता. दुसरं काय लिहिणार? तो चांगला होता असं लिहिलं तर उद्या कुठल्या तोंडाने मशीनवर बसू? पहिल्या उत्तराचा उल्लेख पुढे कुठेच आला नाही. दुसरं मात्र, रिंकच्या कर्मचाऱ्यानेही मान्य केलं आहे, अशा शब्दांत पत्रात उतरलं. कोचचा करार पुढे वाढवला नाही. कारण दिलं, निवडीची परिस्थिती योग्य नव्हती. यादी मात्र तशीच ठेवली. म्हणजे निवड चुकीची नव्हती, निवडणारा तेवढा चुकीचा! समित्या अशाच चालतात, रत्नागिरीत काय आणि इथे काय.

मी त्यांना माझी दोन उत्तरं दाखवली. चष्मा लावून वाचली. “बरोबर लिहिलंस,” म्हणाले. “खराब होता म्हणूनच तर मला हवा होता.”

आता ते उत्तरेकडच्या एका छोट्या गावात शिकवतात. मध्यंतरी फोन आला, बराच वेळ तिथल्या जुन्या कॉम्प्रेसरबद्दल बोलले, मीही सल्ले दिले. शेवटी मी विचारलंच, या वेळी निवडीआधी सांगणार का?

“पालकांना नाही,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “मुलांना सांगेन कदाचित.”